तर्कातून प्रोग्राम: ‘कधीतरी’ म्हणजे कधी?

मंडळी, आपल्या यवतमाळकडचंच उदाहरण घेऊ. सामाईक विहीर, दोघा भावांच्या दोन मोटारी. एकदम लावल्या की फ्यूज उडतो. नियम लिहिला, ‘दोन्ही मोटारी एकाच वेळी कधीही चालू नसाव्यात’, आणि संगणकाला म्हटलं, यावरून प्रोग्राम तूच तयार कर. तो दोन्ही मोटारी कायमच्या बंद ठेवील. नियम पाळला गेला, कपाशी मात्र वाळली!

क्लार्क आणि इमर्सन यांच्या १९८१च्या शोधनिबंधात यावर उत्तर आहे. ‘जो मागेल त्याला कधीतरी पाणी मिळेलच’ हेही टेम्पोरल लॉजिकमध्ये लिहायचं. मग त्या सूत्रांतून समांतर प्रक्रियांनी एकमेकींसाठी कुठं थांबायचं, याचा सांगाडा आपोआप निघतो. कल्पना थोरच.

पण माझे आक्षेप दोन. पहिला, हे ‘कधीतरी’ उद्याही चालतं आणि पीक गेल्यावरही. दुसरा, लाइन कधी जाईल हे आपल्या हातात नसतं, आणि त्या मांडणीत अशा आडमुठ्या बाहेरच्या जगाला जागाच नाही. ती प्नुएली आणि रोस्नर यांनी १९८९मध्ये दिली. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं, की प्रत्येक प्रक्रियेला फक्त आपल्यापुरतंच दिसत असेल, तर सर्वत्र लागू पडणारी रीत असूच शकत नाही.

गंमत बघा, त्याच निबंधातली दुसरी कल्पना, म्हणजे तयार प्रोग्राम तपासण्याची, जगानं उचलली. २००७चा ट्युरिंग पुरस्कार या दोघांना आणि सिफाकिस यांना मिळाला तो तिच्यासाठीच.

म्हणून सांगतो, प्रोग्राम लिहायचे कष्ट वाचतील. पण नेमकं काय हवंय, ते दोघा भावांनाच बसून ठरवावं लागेल.