वॉल्डनचा दाखला आणि विकाऊ राई

अलीकडे पुण्यांतील सुखवस्तु व सुशिक्षित वर्गांत एक नवी हौस चांगलीच मूळ धरूं लागली आहे. शहराबाहेर बंगला असावा ही जुनी इच्छा आतां मागें पडत असून, मुळशी, भोर किंवा मावळ या बाजूस जुनी झाडी असलेला एखादा तुकडा आपल्या नांवावर असावा, त्यांत लहानसें घर बांधावें आणि शनिवार-रविवारीं तेथें जाऊन मौन सेवावें, अशी ती हौस आहे. हौसेबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु तिच्या समर्थनार्थ एका थोर ग्रंथाचा दाखला देण्याची जी रीत पडत चालली आहे, तिचा विचार करणें टीकाकाराचें काम आहे असें आम्हांस वाटतें. तो ग्रंथ म्हणजे हेन्री डेव्हिड थोरोचा ‘वॉल्डन’. दुर्गा भागवतांनीं ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नांवानें तो मराठींत आणल्यापासून आपल्याकडील वाचकांसहि तो परका राहिलेला नाहीं, आणि रानांत जागा घेणाऱ्या गृहस्थाच्या तोंडीं थोरोचें नांव येणें हें जवळजवळ ठरून गेलें आहे.

आमचें म्हणणें असें कीं, हा दाखला देणाऱ्यांनीं ग्रंथ मन लावून वाचलेला नाहीं. थोरो १८४५ च्या ४ जुलै रोजीं वॉल्डन तळ्याकाठीं राहावयास गेला व दोन वर्षांहून थोडा अधिक काळ तेथें राहिला. ती जागा त्याची नव्हती. त्याचा मित्र एमर्सन यानें १८४४ सालीं ती विकत घेतली होती, आणि थोरो तेथें केवळ मुक्कामास होता. पहिल्याच प्रकरणांत त्यानें आपल्या झोपडीच्या खर्चाचा प्रसिद्ध हिशेब मांडला आहे. त्यांत फळ्या, विटा, चुना आणि खिळे यांची किंमत पैपैनें नोंदलेली असून एकूण बेरीज अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट होते. जमिनीची रक्कम मात्र त्या यादींत कोठेंच नाहीं.

दुसरें प्रकरण तर या दृष्टीनें अधिकच मार्मिक आहे. त्यांत थोरो सांगतो कीं, आसपासच्या साऱ्या शेतवाड्या त्यानें मनानें खरेदी करून पाहिल्या होत्या. प्रत्यक्ष खरेदीच्या जवळ तो एकदांच गेला. ती हॉलोवेल नांवाची वाडी. सौदा ठरला, पण खरेदीखत होण्यापूर्वीं मालकाच्या पत्नीचें मन फिरलें, आणि सौदा मोडण्याबद्दल मालक दहा डॉलर देऊं लागला. थोरोनें तेहि घेतले नाहींत व वाडीहि सोडून दिली. त्या जागेचें दर्शन घेण्याचा जो लाभ, तो खरेदीखतावांचूनहि आपल्यापाशीं राहिलाच, असें तो आनंदानें नमूद करतो. ही कोल्ह्याचीं आंबट द्राक्षें आहेत, असें कोणी म्हणेल. तें खरें नाहीं. मालकी माणसाला किती वेळ राबवून घेते, हाच या सबंध पुस्तकाचा विषय असून हॉलोवेलचा प्रसंग त्या विषयाचा कणा आहे. सारांश, रान विकत घेणाऱ्यांनीं आपल्या हौसेचें पोथीपुस्तक म्हणून जो ग्रंथ हातीं धरला आहे, त्यांतील एकुलता एक सौदा फिसकटतो, आणि ग्रंथकर्ता त्याबद्दल हळहळत नाहीं.

तथापि ग्रंथाची एक उणीवहि सांगितली पाहिजे. थोरोला मालकीवांचून राहतां आलें याचें कारण दुसऱ्या कोणी मालकी पत्करली होती. एमर्सननें तो तुकडा घेतला नसता तर तेथें कुऱ्हाड चालली असती, आणि या उपकाराची नोंद ‘वॉल्डन’मध्यें म्हणावी तशी होत नाहीं. म्हणून एखादा चतुर गृहस्थ म्हणूं शकेल कीं, ‘मी थोरो नसेन, पण एमर्सन होईन.’ उत्तम आहे. मात्र मग एमर्सनचा कित्ता शेवटपर्यंत गिरवावा लागेल. त्यानें आपल्या जागेंत निर्धन मित्राला राहूं दिलें. आणि पुढें १९२२ सालीं त्याच्या व इतर कांहीं घराण्यांच्या वारसांनीं तळ्याकाठची सुमारें ऐंशी एकर जमीन सर्व लोकांच्या उपयोगासाठीं मॅसॅच्युसेट्स राज्याला देऊन टाकली. इंग्लंडांत इसवी सन १६०० पासून अखंड उभ्या असलेल्या झाडीला प्राचीन वन म्हणून मान आहे. तेथेंहि १९७२ सालीं स्थापन झालेली वुडलँड ट्रस्ट ही संस्था अशीं वनें विकत घेते, परंतु लोकांसाठीं खुलीं ठेवते. खरेदीला आमचा विरोध नसून खरेदीनंतरच्या कुलुपाला आहे.

आतां आपल्याकडे वळूं. सह्याद्रींत ज्याला खरोखर प्राचीन म्हणावें असें रान फार ठिकाणीं उरलेलें नाहीं. जें आहे त्यांतील बरेंचसें देवरायांच्या रूपानें आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं १९७० नंतरच्या दशकांत या देवराया हिंडून पाहिल्या आणि १९७६ सालीं त्यांवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्याहि पूर्वीं दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं पुण्याच्या आसपासचीं देवीस्थानें पायीं फिरून पाहिलीं होतीं व त्यांविषयीं १९६२ च्या आपल्या ग्रंथांत लिहिलें होतें. या अभ्यासकांमुळें जी गोष्ट विद्वानांस कळली ती गांवकऱ्यांस पूर्वीपासून ठाऊक होती. राई देवीची, तींतील वाळकी काटकीहि घरीं न्यावयाची नाहीं, देवळाला वासा लागला तर देवीचा कौल घ्यावयाचा. म्हणून बेहडा, आंबा, उंबर यांचीं जुनीं झाडें उभीं राहिलीं, गारंबीचे वेल मांडीएवढे जाड झाले, आणि राईखालचा झरा उन्हाळ्यांतहि आटला नाहीं. येथें मालक असा होता कीं जो विकीत नाहीं, तोडीत नाहीं आणि मरतहि नाहीं. आणि त्याची सेवा सगळ्या गांवाकडे होती. ज्या व्यवस्थेनें हें रान राखलें, ती व्यवस्थाच खरेदीखतानें संपते. फळ आवडलें म्हणून झाड मुळासकट उपटून घरीं न्यावें, तसें हें आहे.

हें आम्ही पुस्तकांतून लिहीत नाहीं. गेल्या माघांत एका स्नेह्याबरोबर आम्ही मुळशीच्या पलीकडे एक तुकडा पाहावयास गेलों होतों. इच्छा स्नेह्याची होती असें लिहून सुटतां आलें असतें. पण खरें सांगावयाचें तर अर्धी इच्छा आमचीहि होती. तुकडा राईला लागून होता, आणि राईच्या कडेचीं कांहीं मोठीं झाडें त्याच्या हद्दींत येत होतीं. दलाल नकाशा उलगडून दाखवीत असतां एक वृद्ध बाई मोळी उतरवून आमच्याजवळ उभी राहिली. ‘‘तुम्ही कुंपण घालनार ना, दादा? मंग आमच्या देवीची पालखी जायाची कुठनं?’’ तिनें विचारलें. दलालानें तत्परतेनें सांगितलें कीं, अशी वाट सातबाऱ्यावर कोठेंहि नाहीं. तो खोटें बोलत नव्हता. वाट सातबाऱ्यावर नव्हती. ती आमच्या पायांखालीं होती.

आमच्या स्नेह्यांनीं इसार दिला नाहीं. चैत्रांत तो दुसऱ्या कोणी दिला. आतां तेथें तारेचें कुंपण आहे, आणि पालखी डांबरी सडकेनें वळसा घालून जाते असें ऐकतों. म्हणजे आमच्या संयमानें कांहींच वांचलें नाहीं, आणि ही गोष्ट हा लेख लिहितांना आम्हांस सतत टोंचत आहे.

ज्यांस केवळ रानाच्या हिताचा विचार करावयाचा असेल त्यांनीं साधा हिशेब करून पाहावा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. चौरस धरला तर बाजू सुमारें २०९ फूट. चारी बाजूंनीं ऊन, वारा, गुरें आणि तण यांचा उपद्रव पन्नासच फूट आंत शिरतो असें धरलें तरी निवांत असा गाभा जेमतेम अकरा गुंठ्यांचा उरतो. त्यांतच घर, मोटारीचा रस्ता, शौचाचा खड्डा आणि रात्रभर जळणारा दिवा आला, कीं पाहुण्यांस दाखविण्यापुरतीं झाडें राहतात. रान राहत नाहीं.

कायद्याची बाजूहि सोपी नाहीं. १९४८ च्या कुळकायद्याप्रमाणें शेतकरी नसलेल्या माणसास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. १९७५ च्या कायद्यानें त्या वर्षाच्या ३० ऑगस्टपासून महाराष्ट्रांतील खाजगी वनें सरकारजमा झालीं. लहान धारकांस बारा हेक्टरांपर्यंत जमीन परत मिळण्याची सोय मागाहून झाली. १२ डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मालकी कोणाचीहि असो, वन तें वनच, असा निर्णय दिला. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजीं राजस्थानांतील देववनांच्या प्रकरणांत अशा राखीव राया वन म्हणून ओळखून त्यांचें रक्षण करण्यास सांगितलें. एवंच, जें खरोखर वन आहे तें सहसा विकतां येत नाहीं, आणि जें विकलें जातें तें बहुधा वनाचा शेजार असतो. जाहिरातींतील ‘तुमचें स्वतःचें अरण्य’ हे शब्द तेवढ्यापुरते तरी पोकळ आहेत.

याच्या उलट एक आक्षेप आहे, आणि तो बळकट आहे. गांवानेंहि पुष्कळ राया राखलेल्या नाहींत. जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं झाडें तोडून सिमेंटचीं देवळें उभीं राहिलीं आहेत; देवीचा धाक ओसरला तसा कुऱ्हाडीचा धीर वाढला आहे. मग शहरांतील रसिकानें घेऊन राखलें तर काय बिघडलें? आमचें उत्तर असें कीं, जेथें गांवाचा धीर सुटतो आहे तेथें गांवास बाजूस सारून राखण होत नसते. रसिक एका पिढीचा असतो. त्याच्या मुलास तोच तुकडा भूखंड म्हणून दिसेल. ज्याच्यापाशीं पैसा आहे त्यानें तो रोपवाटिकेस, राखणदाराच्या पगारास, पालखीची वाट कागदावर चढविण्याच्या खटपटीस द्यावा. आमच्या स्नेह्यांनीं व आम्हीं इसार न देण्यापाशीं न थांबतां त्याच दिवशीं ग्रामपंचायतींत जाऊन त्या वाटेची चौकशी केली असती, तर कदाचित् पालखीला वळसा पडता ना. तेवढें आम्हांस सुचलें नाहीं. मोकळ्या हातांनीं परत आलों यांतच आम्हीं धन्यता मानली.

एकान्ताची ओढ पुण्याच्या मुलखाला नवी नाहीं. देहूचे तुकोबा भंडाऱ्याच्या व भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसत. त्या डोंगरांचें खरेदीखत त्यांच्यापाशीं नव्हतें, आणि त्यांच्या एकान्तासाठीं कोणा बाईला आपल्या देवीची वाट विचारावी लागली नाहीं. ‘वॉल्डन’ हातीं घेऊन मुळशीच्या रस्त्याला लागणाऱ्या वाचकानें त्या ग्रंथाचें दुसरें प्रकरण पुन्हां एकदां वाचावें, आणि मगच इसाराची रक्कम मोजावी, एवढीच आमची विनंती आहे.