उमरावजानचे वय

मिर्झा हादी रुसवा ह्यांची ‘उमराव जान अदा’ ही कादंबरी १८९९ साली प्रसिद्ध झाली. लखनौच्या चौकातील एका तवायफेची कथा म्हणून ती सर्वत्र ओळखली जाते. परंतु ही कथा सांगणारी स्त्री तारुण्य मागे टाकून, कोठ्यावरचे जीवन सोडून, गाठीशी थोडा पैसा राखून ग्रंथांच्या संगतीत एकटी राहत आहे. मित्रमंडळींचा मुशायरा चालू असता शेजारच्या खिडकीतून एका शेराला दाद येते, दाद देणारीला आत बोलावले जाते, आणि तिच्या आठवणींतून कादंबरी उभी राहते. उतारवय हे ह्या कथेचे केवळ अखेरचे प्रकरण नव्हे. सारी कथा तेथूनच पाहिली गेली आहे. रुसव्यांची खरी नवता ह्या योजनेत आहे, आणि नंतरच्या काळाने नेमकी तीच बाजूला सारली.

कोठ्यावर वय हा रोकडा हिशेबाचा विषय होता. फैजाबादेहून पळवून आणलेली अमीरन विकली जाते तेव्हा किंमत होते ती तिच्या भावी तारुण्याची. परंतु तिला विकत घेणारी खानम पन्नाशीच्या घरातली आहे, आणि तिचा रुबाब असा की तरुण मुली तिच्यापुढे फिक्या पडाव्यात. वीणा तलवार ओल्डेनबर्ग ह्यांनी वसाहतकालीन लखनौवरील आपल्या अभ्यासात दाखवून दिले आहे की १८५८ ते १८७७ च्या नगरपालिकेच्या करवह्यांत तवायफांची नावे सर्वांत वरच्या उत्पन्नगटात आढळतात. खानमच्या रुबाबामागे हा पैसा होता. तारुण्य कमवी, वार्धक्य सत्ता चालवी. मात्र ही सत्ता फार थोड्यांच्या वाट्याला येई. लखनौच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्या म्हाताऱ्या भिकारणींत पुष्कळशा एके काळच्या तवायफा आहेत, असे उमराव स्वतःच सांगते. आपले निवांत वार्धक्य हा अपवाद आहे हे ती जाणते, आणि तिच्या बोलण्यातील थंड स्पष्टपणा त्या जाणिवेतून आला आहे.

पुरुषांच्या वार्धक्याकडे कादंबरी हसून पाहते. बिस्मिल्ला जानच्या प्रेमात पडलेले वृद्ध मौलवीसाहेब तिच्या एका हुकुमासरशी कडुनिंबावर चढू लागतात, हा प्रसंग उर्दू वाचकांच्या कायमचा स्मरणात राहिला आहे. दात गेलेले, पाठ वाकलेले, तरीही स्वतःला आशिक मानणारे नबाबही तेथे आहेत.

येथे मराठी वाचकाला देवलांच्या ‘संगीत शारदा’ची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ‘शारदा’ रंगभूमीवर आली तेही वर्ष १८९९च. तेथेही एक मुलगी विकली जाते, फरक एवढाच की विकणारा तिचा बापच आहे. तेथेही बोहल्यावर चढू पाहणारा म्हातारा हास्यास्पद ठरतो. परंतु हास्याची जात निराळी आहे. देवलांना मुलगी वाचवायची होती. त्यासाठी भुजंगनाथाचे वार्धक्यच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे त्यांना भाग होते. ते हास्य सार्थकी लागले. (१९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा हरबिलास सारडा ह्यांच्या नावावरून महाराष्ट्रात ‘शारदा कायदा’ म्हणून रूढ झाला, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.) मात्र त्या नाटकात वार्धक्याला बाजू नाही, असते तर नाटकाचा हेतूच ढासळला असता. रुसव्यांना ही अडचण नव्हती. मौलवींची फजिती सांगणारी स्वतः उतरणीला लागलेली आहे. त्यामुळे तिच्या हसण्यात कुठेतरी आपलेपणा मिसळतो.

ह्या योजनेवर एक आक्षेप मात्र घ्यायला हवा. उमरावला मोकळेपणाने बोलू दिले जाते ते तिचे तारुण्य ओसरले आहे म्हणून. ती आता कुणाला भुलवणार नाही, तिच्यापासून धोका नाही. शिवाय लेखणी पुरुषाच्याच हाती आहे. आक्षेप खरा आहे. तरीही लेखकाने तिला केवळ ऐकून सोडून दिलेले नाही, हे पुढे दिसेल.

विसाव्या शतकात ह्याच लखनौत तारुण्याचा अर्थ बदलला. एप्रिल १९३६ मध्ये प्रगतिशील लेखक संघाची पहिली अखिल भारतीय परिषद येथे भरली. तारुण्य हे आता विकाऊ वस्तू न राहता वाङ्मयीन अधिकाराचे लक्षण झाले. (त्या तरुणांच्या परिषदेचे अध्यक्ष प्रेमचंद पंचावन्न वर्षांचे होते आणि त्याच वर्षी ते वारले.) मजाज ह्या नव्या तारुण्याचे लाडके प्रतीक ठरले आणि १९५५ च्या डिसेंबरात, लखनौतच, चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले. प्रतीकाला म्हातारे होण्याची मुभा नसते.

मुजफ्फर अली ह्यांच्या १९८१ च्या ‘उमराव जान’ चित्रपटावर ह्याच दृष्टीची छाया आहे. चित्रपट देखणा आहे, लखनौचे वातावरण त्यात जिव्हाळ्याने उतरले आहे, रेखा ह्यांचा अभिनयही तोलामोलाचा आहे. पण निवेदन करणारी वयस्क स्त्री त्यात नाही. शेवटी उजाड कोठ्यावर नायिका आरसा पुसून त्यात स्वतःला पाहते. आरशातला चेहरा तरुण आहे. तिच्या वाट्याला दुःख येते, निवाडा येत नाही. प्रेक्षकाने तिच्यासाठी हळहळावे अशी ही मांडणी आहे. कादंबरीतील उमराव हळहळ मागत नाही.

मराठीत तिच्या जवळची कुणी असेल तर ती ‘शारदा’ नव्हे, तर १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रां’ची निवेदिका होय. गृहिणी लक्ष्मीबाई टिळक आणि चौकातील तवायफ ह्यांत संसाराच्या दृष्टीने काहीच साम्य नाही. पण साठी उलटल्यावर आपल्या पूर्वायुष्याकडे, त्यातल्या अपमानांकडेही, न कुरकुरता आणि न सजवता पाहण्याची जी ताकद लक्ष्मीबाईंत आहे, तीच उमरावच्या स्वरात ऐकू येते.

कादंबरीच्या अखेरीस रुसवा आपले हस्तलिखित उमरावच्याच हाती वाचायला देतात. पहिल्या वाचनात तिला इतका संताप येतो की कागद फाडून टाकावेसे वाटतात. ती ते फाडत नाही. पुन्हा वाचते, आणि मग स्वतःच्या आयुष्याविषयी जे म्हणायचे ते स्वतः म्हणते.