निकाल डोळ्यांना दिसावा

जुन्या कुस्तीतले सारेच सोने नव्हते. १९१० साली लंडनला झिबिस्को दोन तासांहून अधिक काळ बहुतांशी खाली चिकटून राहिला आणि गामाशी बरोबरी पदरात पाडून घेऊन गेला. १९२८ साली पतियाळात मात्र गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केले. थरार होता तो या निर्विवाद निकालाचा! गादीचा मी द्वेष्टा नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ चे ऑलिंपिक पदक तिच्यावरच मिळविले. परंतु आमच्या नागभीडकडे रात्रभर नाटक पाहणारा रसिकही शेवट डोळ्यांनी पाहूनच उठतो. महाराष्ट्र केसरीतल्या भारी मल्लांचा शेवट पुष्कळदा गुणफलकावर वाचावा लागतो. वाचलेल्या निकालावर टाळी वाजते. अंगावर रोमांच उठत नाहीत.