वीणाचं नाक

सचिन कुंडलकर यांच्या ‘गंध’ (२००९) या चित्रपटात तीन कथा आहेत. त्यांतली पहिली, ‘लग्नाच्या वयाची मुलगी’, पुण्यात घडते. पुढच्या दोन कथांची नावं ‘औषध घेणारा माणूस’ आणि ‘बाजूला बसलेली बाई’. आळीतल्या माणसांनी खिडकीतून बोट दाखवत ओळख सांगावी, तशी ही नावं. तिघंही चारचौघांपासून जरा अलग पडलेली. पण हसू फुटतं ते पहिल्या कथेत.

वीणा एका कला महाविद्यालयात कारकून आहे. अबोल, आपल्याच तंद्रीत असणारी. घरी तिच्या लग्नाची काळजी सगळ्यांना आहे, आणि त्यात तिचंच म्हणणं तेवढं राहून जातं. अशा मुलीला मंगेश नाडकर्णी नावाच्या विद्यार्थ्याच्या अंगाला येणाऱ्या वासाची ओढ लागते. कांदेपोह्यांच्या बैठकीत जिने नुसतं दाखवून घ्यायचं, तिनेच परस्पर पसंती करून टाकावी, आणि तीही डोळ्यांनी नव्हे, नाकाने! गोष्टीतला सगळा मिश्कीलपणा या उलटापालटीत आहे, आणि तो किती गुपचूप साधलाय.

पडद्याला वास नसतो. ती उणीव वीणा झालेली अमृता सुभाष श्वासाने भरून काढते. ठरीव लाजणं नाही, हुरळणं नाही. लांबलेला एक श्वास, आणि पाहणाराही नकळत नाक वर करतो. ‘गंध’ला पटकथेबरोबर ध्वनीसाठीही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगाच नव्हे. वासाची गोष्ट सांगायला कानाची अशी मदत घेणं हे जाणत्याचं काम.

मंगेशच्या भूमिकेसाठी गिरीश कुलकर्णीची निवड तर फारच चतुर. डोळ्यांना भुलवणारा रूढ नायक समोर नसला की नाकाचं म्हणणं खरं वाटतं. हीच कथा कुंडलकरांनी ‘अय्या’ (२०१२) मध्ये हिंदीत नेली, तेव्हा राणी मुखर्जीसमोर उभा राहिला पृथ्वीराज. त्याला नुसतं पाहूनच कुणीही प्रेमात पडेल, मग वासाला काय काम उरलं? तिथली गाणी, स्वप्नांची आतषबाजी मजेची आहे (मला ती आवडतेही), पण मूळ कथेची नेटकी वीण त्यात सैल पडली. मराठीतला मंगेश साधा आहे म्हणूनच वीणाचं वेड इतकं गोड वाटतं.

आणि मग वीणाने केलेला मंगेशचा पाठलाग. भिडस्त माणूस हेरगिरीला निघाला की होणारी गंमत इथे आहेच, पण खरी खुबी आहे उलगड्यात. मंगेश अगरबत्तीच्या कारखान्यात काम करतो! म्हणजे वीणाला बेचैन करणारा तो वास पुण्यातल्या कुठल्याही देवघरातला निघाला. कुणी वडीलधाऱ्याने नाक मुरडावं अशी सोयच नाही. शिवाय तो अत्तरासारखा मिरवायला लावलेला नाही. मसाला हाताळता हाताळता, पोटासाठी राबताना तो कपड्यांत मुरलाय. स्थळ आलं की पहिला प्रश्न असतो, ‘मुलगा काय करतो?’ वीणाने सुरुवात पसंतीपासून केली, आणि हा प्रश्न तिच्या वाट्याला सगळ्यांत शेवटी, तोही उत्तरासकट आला.