दोन रकान्यांचा तक्ता

आजारांचे ‘आनुवंशिक’ आणि ‘परिस्थितीजन्य’ असे दोन रकाने फळ्यावर आखण्याची रीत आम्हाला अपुरी वाटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूतील रक्तस्राव कुठल्या रकान्यात घालाल? ३२ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतील काही रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. ‘सीओएल४ए१’ जनुकात दोष असला, तर त्यांच्या भिंती आणखी कच्च्या राहतात. पण असाच दोष असलेली उंदरांची पिल्ले शस्त्रक्रियेने जन्माला घातली, तेव्हा मोठा रक्तस्राव टळला, असे २००६ साली दिसले. म्हणजे दोष जनुकात, आघात प्रसूतीचा! नांदेड-लातूरकडची ऊसतोड करणारी गरोदर बाई वेळेत दवाखान्यात पोचली, तर प्रसूतीपूर्वीच्या स्टिरॉइड इंजेक्शनाने हा धोका कमी होतो. ‘रक्तातच खोट’ म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या गावात हे शिकवायला हवे. तक्त्यात ते मावत नाही.