भेग कधी धावते?

अकरावीच्या वर्गात यंगच्या गुणांकाचा तक्ता फळ्यावर लिहीत होतो. अॅल्युमिनियम सुमारे ७० गिगापास्कल, काचही सुमारे ७०. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आकडा दोघांचा एकच. मग पातेलं पडलं की नुसता पोचा येतो आणि पेला पडला की चक्काचूर, असं का?” काच ठिसूळ असते, असे मी सांगितले. हे उत्तर नव्हते. मुलाचाच प्रश्न मी त्याला दुसऱ्या शब्दांत परत केला होता.

खरे उत्तर मला जे. ई. गॉर्डन यांच्या ‘द न्यू सायन्स ऑफ स्ट्राँग मटेरिअल्स’ या १९६८ सालच्या पुस्तकात सापडले. जहाजबांधणी शिकलेला, युद्धकाळात फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रात काम केलेला हा माणूस. आपण जमिनीतून खाली का पडत नाही, असे खट्याळ उपशीर्षक त्याने पुस्तकाला दिले आहे. आपली पाठ्यपुस्तके हुकच्या नियमाची रेष काढतात आणि टोकाला फुली मारून ‘भंगबिंदू’ लिहितात. गॉर्डन त्या फुलीपासून सुरुवात करतो.

पुस्तकाचा गाभा म्हणजे ए. ए. ग्रिफिथचे १९२०च्या सुमाराचे काम. एक मिलिमीटर जाडीची काचेची काडी सुमारे १७० मेगापास्कलला तुटली. तीन मायक्रॉनच्या आसपासचा तंतू ३४०० मेगापास्कलपर्यंत टिकला. काच तीच, बळ वीस पट! म्हणजे जाड काचेत काहीतरी दोष असला पाहिजे. इंग्लिसने १९१३ मध्येच दाखवले होते, की एक मायक्रॉन खोल ओरखड्याचे टोक अणूइतके तीक्ष्ण असेल, तर तिथला ताण सुमारे दोनशे पट होतो. मग काच आपोआप का फुटत नाही? ग्रिफिथने ऊर्जेचा हिशेब मांडला. भेग वाढायची तर नवा पृष्ठभाग तयार करावा लागतो. हा खर्च लांबीच्या प्रमाणात वाढतो. भेगेच्या आजूबाजूचा ताणलेला भाग सैल होऊन जी ऊर्जा सुटते, ती मात्र लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. लहान भेगेला खर्च परवडत नाही. एका ठरावीक लांबीनंतर जमा खर्चापुढे जाते आणि भेग आपल्या आपण धावते. काचेचा खर्च चौरस मीटरला जेमतेम काही ज्यूल. मृदू पोलादात भेगेच्या टोकाशी अणूंचे थर एकमेकांवर सरकतात आणि त्यात खर्च लाखाच्या घरात जातो. पातेल्याला पोचा येतो तो असेच थर सरकल्यामुळे.

हे सारे गॉर्डन गप्पा मारल्यासारखे सांगतो. गणित थोडके, पण फसवाफसवी नाही. भेग अडवण्यावरचे प्रकरण मला सर्वांत आवडले: वाटेत आडवा कच्चा सांधा असला की तो आधीच उघडतो आणि भेगेचे टोक बोथट होते. बांबू आडवा तोडणे इतके अवघड का, याचे उत्तर इथे मिळते.

तक्रारी दोन. जहाजे आणि विमाने यांचा लेखकाला इतका सोस, की आपल्या विद्यार्थ्याला उदाहरणे परकी वाटतात. ती शिक्षकाने बदलावीत. काचवाला हिऱ्याने ओरखडा काढून टिचकी मारतो, कापडवाला कात्रीने जरासा छेद देऊन ताग्यातून टर्रकन कापड फाडतो. ग्रिफिथ आपल्या बाजारातच आहे. दुसरी तक्रार गंभीर आहे. वारंवार ताण देऊन येणाऱ्या धातूच्या थकव्याला इथे फारच अपुरी जागा आहे. तार पुन्हापुन्हा वाकवून तोडणाऱ्या मुलाला हाच प्रश्न आधी पडतो.

पुस्तक जुने झाले का? २००८ मध्ये एका अणूच्या जाडीच्या निर्दोष ग्राफीनचे बळ मोजले गेले: सुमारे १३० गिगापास्कल. वर्तमानपत्रांनी त्याला पोलादाहून बळकट ठरवले, ते बरोबरच. पण २०१४ मध्ये ग्राफीनमध्ये मुद्दाम भेग पाडून ते ताणले, तेव्हा ते ग्रिफिथच्या हिशेबानेच तुटले. खर्च चौरस मीटरला सुमारे १६ ज्यूल. म्हणजे चिवटपणात हा महाबली काचेच्याच पंक्तीत बसतो. गॉर्डनला ग्राफीन माहीत नव्हते, पण त्याचा वाचक ही बातमी वाचून चकित झाला नसता.

वेळ कमी असेल त्यांनी चौथे व पाचवे प्रकरण आधी वाचावे.