विमानचित्रांचे संदर्भग्रंथ : एक साधनपरीक्षा

इ. स. १९३९ ते १९४५ च्या महायुद्धांत मित्रराष्ट्रांनीं वापरलेल्या लष्करी विमानांचे सचित्र संदर्भग्रंथ बरेच आहेत. १९०९ मध्यें सुरू झालेलें जेन यांचें वार्षिक, 'एअरक्राफ्ट ऑफ द फायटिंग पॉवर्स' ही १९४० पासून निघालेली माला व विल्यम ग्रीन यांचे युद्धोत्तर ग्रंथ हे त्यांत प्रमुख होत. बखरी व मोडी दफ्तरें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय परका वाटेल. परंतु साधनपरीक्षेचा न्याय येथेंही तोच आहे.

युद्धकाळीं अशा चित्रांचा मुख्य उपयोग आकाशांतील विमान स्वपक्षाचें कीं परपक्षाचें हें ओळखण्याकडे होता. स्पिटफायरचे लंबवर्तुळाकार पंख आणि हरिकेनची उंच पाठ एकदां पाहिली म्हणजे गल्लत होत नाहीं. या कामीं हे ग्रंथ उत्तम आहेत. दोष उद्भवतो तो जातिनिर्णयासाठीं रचिलेल्या ग्रंथास स्थलकालनिर्णयाचें प्रमाण मानल्यानें.

छायाचित्र खोटें बोलत नाहीं, ही समजूत भ्रामक आहे. युद्धकाळीं परिनिरीक्षकांनीं चित्रांतील पथकाचीं अक्षरें व रडारच्या तारा पुसून टाकल्या. हस्तलिखितावर हरताळ फिरावा तसाच हा प्रकार. शिवाय त्या काळच्या एका जातीच्या फिल्मवर तांबडा रंग काळाभोर व निळा फिकट उमटे. जपानी चिन्हाशीं घोटाळा होऊं नये म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील ब्रिटिश व हिंदी विमानांच्या वर्तुळांतून तांबडा रंग काढून टाकला होता. अशा वेळीं फिल्मची जात न सांगतां केवळ छापील छटेवरून रंग ठरविणें म्हणजे अस्पष्ट अक्षरावरून मनाजोगता पाठ लावणें होय.

चित्राखालील ओळ ही पोथीच्या पुष्पिकेसारखी. ती मूळ निगेटिव्हबरोबरची, कीं मागाहून कोणी जोडलेली, हें कळल्यावांचून तिचें मोल ठरत नाहीं. एकच ओळ पांच ग्रंथांत आढळली तरी ते पांच साक्षी नव्हेत. एका प्रतीच्या त्या पांच नकला असूं शकतात. विमानावरील क्रमांक हें त्याहून बळकट प्रमाण. पण तोही बदलतो. लंडन येथील शाही हवाईदलाच्या संग्रहालयांतील लिबरेटर विमान ब्रिटिशांकडे के. एन. ७५१ होतें, पुढें भारतीय हवाईदलांत तें एच. ई. ८०७ झालें आणि १९७४ मध्यें भारतानें तें भेट दिलें. दोन्ही क्रमांकांचा संबंध न देणारा ग्रंथ एका विमानाचीं दोन विमानें करील.

हा प्रश्न आमच्या साकोलीपासून दूरचा नाहीं. ईशान्येस गोंदियाजवळ बिरसी येथील धांवपट्टी त्याच युद्धांत ब्रिटिशांनीं बांधिली. गोंदिया १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यांतच होतें. अशा लहान तळांचा इतिहास या जाडजूड ग्रंथांत शोधून हातीं फारसें लागावयाचें नाहीं. तो कोणा घरच्या पेटींतील एखाद्या चित्रांत असावयाचा. संग्राहकांनीं असें चित्र वहींत डकवूं नये, पाठीवरील मजकूर खोडूं नये, आणि तें कोणाकडून केव्हां मिळालें याची टीप निराळ्या कागदावर ठेवावी. विमानाची जात ग्रंथ सांगतील. तें कोठें व केव्हां उतरलें, हें त्या टिपेवांचून कोणीही सांगूं शकणार नाहीं.